शिकार सुटते, तरी नजर शिकाऱ्यावरच : 'फास्ट अँड फरी-अस'चं प्रकरण

साधारण सात मिनिटांचा लघुपट. पात्रं दोन. संवाद नाहीत. घटना एकच : भुकेला कायोटी रोडरनर नावाच्या पक्ष्यामागे लागतो आणि पक्षी निसटतो. हीच घटना नव्या नव्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा घडते, आणि दर वेळी शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. एवढ्या भांडवलावर सात मिनिटं लोकांना खुर्चीत बसवून ठेवायचं म्हणजे अवघडच काम. 'फास्ट अँड फरी-अस' हा लघुपट वॉर्नर ब्रदर्सने सप्टेंबर १९४९मध्ये 'लूनी ट्यून्स' मालिकेत प्रदर्शित केला. आज पाऊणशे वर्षांनंतरही तो लावला की घरातली पाच वर्षांची पोर आणि सत्तरीचे आजोबा एकाच क्षणी हसतात. हे कसं घडतं, हे नीट उलगडून पाहावं म्हणून हे प्रकरण निवडलं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. पाठलागाच्या गोष्टीत आपला जीव सहसा पळणाऱ्यात अडकलेला असतो. या लघुपटाने तो उचलून पाठलाग करणाऱ्याकडे दिला. मन, बुद्धी, भूक, हुरूप, लाज हे सगळं शिकाऱ्याच्या वाट्याला आलं आणि पक्ष्याकडे फक्त वेग उरला. त्यातली जवळजवळ प्रत्येक गंमत या एका निर्णयातून निघालेली आहे.

त्या वेळचं वातावरण

१९४०च्या दशकात अमेरिकी थिएटरांत मुख्य चित्रपटाबरोबर बातमीपट आणि एखादं कार्टून दाखवायची पद्धत होती. कार्टून म्हणजे लहान मुलांचा खाऊ, असं तेव्हा कुणी मानत नसे. तिकीट काढून आलेल्या साऱ्या प्रेक्षकांसाठी ते असायचं. त्यात पाठलाग हा हमखास चालणारा मामला. एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या टॉम आणि जेरीने १९४३ ते १९४८ या वर्षांसाठी तब्बल पाच ऑस्कर मिळवले होते. खुद्द वॉर्नरकडे एल्मर फड हा शिकारी बंदूक घेऊन बग्ज बनी सशाच्या मागे होता आणि सिल्व्हेस्टर मांजर ट्वीटी पक्ष्याच्या मागे. कुणीतरी कुणालातरी पकडायला धावतंय, हे प्रेक्षक दर आठवड्याला बघत होते.

दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीज यांना याच प्रकाराची टर उडवायची होती. पाठलागाची सगळी कारणं, सगळी सजावट काढून टाकायची आणि नुसता पाठलाग इतका ताणायचा की त्यातला निरर्थकपणाच हास्यास्पद व्हावा, असा बेत होता. जोन्स यांनी पुढे हे उघडपणे सांगितलं आहे. प्रेक्षकांना मात्र त्यातलं विडंबन जाणवलंच नाही. त्यांनी तो सरळ पाठलाग म्हणून घेतला आणि मनापासून हसले. मला वाटतं प्रेक्षक बरोबर होते. विडंबनासाठी म्हणून जे जे काढून टाकलं, ते काढल्यावर पाठलागाचा गाभाच उघडा पडला होता, आणि तो भक्कम निघाला.

दोघांची निवड

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला आपल्या कोल्ह्यासारखा दिसणारा प्राणी. जोन्स यांच्या मनात तो लहानपणीच ठसला होता, मार्क ट्वेन यांच्या १८७२च्या 'रफिंग इट'मधून. त्यात ट्वेन यांनी रंगवलेला कायोटी म्हणजे हाडांचा सापळा, कायमचा दरिद्री, कायमचा उपाशी. जोन्स यांच्या चित्रातल्या कायोटीकडे बघा : बरगड्या निघालेल्या, मान बारीक, पाय काटकुळे, डोळे थकलेले. तो क्रूर वाटत नाही, गरजू वाटतो. टॉम जेरीमागे धावतो त्याला भुकेपेक्षा खोडी आणि जुनं वैर जास्त कारण असतं, कारण टॉमला घर आहे, वाडग्यात दूध आहे. कायोटीला वाळवंटात काहीच नाही. सुरुवातीला गळ्याला फडकं बांधून, हातात काटा-सुरी घेऊन तो निघतो तेव्हा त्याची बाजू आपल्याला पटलेली असते. जेवायला निघालेल्या माणसाचा राग कसा करणार?

रोडरनर हा खराखुरा पक्षी आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागात आणि मेक्सिकोत राहणारा, कोकिळेच्या कुळातला. आपल्याकडे बागेत, कुंपणाजवळ जमिनीवरून ऐटीत चालणारा भारद्वाज त्याचा दूरचा भाऊबंद. खरा रोडरनर सरडे आणि साप मारून खातो, अगदी विषारी रॅटलस्नेकही. ताशी तीसेक किलोमीटर वेगाने तो पळतो. कायोटीचा वेग साठच्या घरात जातो. म्हणजे खऱ्या वाळवंटात, सपाट रस्त्यावर, हा पाठलाग काही क्षणांत आटोपला असता. लघुपटाने निसर्गाचा हिशेब उलटा केला आणि हे लगेच, जाहीरपणे सांगूनही टाकलं : चित्र थबकतं आणि पक्ष्यावर शास्त्रीय नावासारखी पाटी येते, 'अ‍ॅक्सेलराती इन्क्रेडिबस'. तशीच कायोटीवर, 'कार्निव्होरस व्हल्गारिस'. वन्यजीवांच्या माहितीपटाची ही नक्कल आहे, पण ती एक मोठं काम करून जाते. एक अविश्वसनीय वेगवान, दुसरा अगदी सामान्य मांसाहारी. पुढचे सगळे निकाल या दोन पाट्यांनी लावून टाकले आहेत. तरीही कायोटी त्या पाटीवर लिहिलेलं मान्य करत नाही, आणि त्या नाकबुलीतून गोष्ट सुरू होते.

बोगदा

या लघुपटातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं दृश्य रंगवलेल्या बोगद्याचं. कायोटी सपाट खडकावर बोगद्याचं तोंड रंगवतो, रस्त्याची रेघ थेट त्या चित्रापर्यंत ओढतो आणि बाजूला होऊन वाट बघतो. रोडरनर भरधाव येतो आणि त्या रंगवलेल्या बोगद्यातून सरळ आत निघून जातो. कायोटी चाट पडतो. मग मागे जातो, पळत येतो आणि दगडावर आपटतो.

हे दृश्य मी अनेकदा थांबवून, मागेपुढे करून पाहिलं आहे. खोलात गेलं तर ते फार चतुर आहे. कार्टूनमध्ये खडकही रंगवलेलाच असतो, रस्ताही, आकाशही. पडद्यावर 'खरा' बोगदा आणि 'खोटा' बोगदा यांत रंगाचा काडीइतका फरक नसतो. फरक असतो तो फक्त कायोटीच्या डोक्यात, कारण ते चित्र त्याने स्वतःच्या हाताने काढलंय. पक्ष्याला चित्र आणि वस्तू यातला भेद माहीतच नाही, म्हणून त्याला अडवणारं काही नाही. कायोटीला जगाचे नियम पक्के ठाऊक आहेत, आणि ते नियम नेमके त्यालाच लागू होतात. त्याने पक्ष्याला आत जाताना डोळ्यांनी बघितलं, स्वतःच्या ज्ञानावरचा विश्वास क्षणभर सोडला, धाडस केलं, आणि तेवढ्यात खडक पुन्हा खडक झाला. लहान मुलाला यातलं काही शब्दांत सांगता येणार नाही, पण झालेला अन्याय त्याला लख्ख कळतो.

एक बारकावा अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी जरूर पाहावा. पक्षी बोगद्यात शिरल्यानंतर कायोटी ताबडतोब धावत नाही. मध्ये एक विराम आहे. त्या विरामात तो विचार करतो, आणि आपण त्याला विचार करताना पाहतो. तो विराम काढून टाका, मग उरेल फक्त एक प्राणी दगडावर आपटल्याचा आवाज.

चालणारं यंत्र

दुसरं दृश्य बर्फाच्या यंत्राचं. कायोटी रेफ्रिजरेटर, खिमा करायचं यंत्र आणि विजेची मोटर एकत्र जोडतो. रेफ्रिजरेटरमधले बर्फाचे तुकडे खिमायंत्रात पडतात, त्यांचा भुगा होतो, तो भुगा पुढे फेकला जातो, आणि पायाला स्की बांधून कायोटी भर वाळवंटात आपल्याच बर्फावरून घसरत निघतो.

कायोटी मूर्ख आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दृश्य पाहावं. यंत्र चालतं! झकास चालतं. कल्पना वेडी आहे, पण कारागिरी निर्दोष आहे. घरगुती उपकरणांतून त्याने जे जमवलं ते कुणाही अभियंत्याने कौतुक करावं असं आहे. घात होतो तो वाळवंटाच्या नकाशामुळे. रस्ता संपतो, कडा येतो, आणि शेवट ठरलेलाच. त्याच्या डोक्यात फक्त शिकार आहे. ज्या जमिनीवरून तो धावतोय तिचा विचार त्याने केलेला नाही. अ‍ॅक्मी या काल्पनिक कंपनीचा सुपर पोशाख मागवून तो उडायला जातो तेव्हा गोष्ट वेगळी असते. तिथे भाबडेपणा आहे, पोशाख अंगात घातला की उडता येईल हा विश्वास, आणि तो सरळ खाली जातो. पण बर्फाच्या यंत्रात भाबडेपणा नाही, कर्तबगारी आहे. ती वाया जाताना बघून हसू येतं, त्यात थोडी हळहळही मिसळलेली असते. या दोन प्रकारच्या अपयशांची आलटून-पालटून योजना हे माल्टीज यांच्या लेखनातलं खरं कसब. एकाच प्रकारची फजिती सलग आली असती तर तिसऱ्या खेपेला प्रेक्षक दमले असते.

जेटवर चालणाऱ्या बुटांचा प्रसंग तर आणखी पुढे जातो. ते बूट घालून कायोटी खरोखरच रोडरनरइतका वेगवान होतो. इतका वेळ जे अशक्य वाटत होतं ते आता हातभर अंतरावर आलेलं असतं. दोघे रस्त्यांच्या वळणावळणांतून धावतात आणि आपण, मनातल्या मनात का होईना, 'पकड, पकड' म्हणू लागतो. मग बुटांतला जोर संपतो. सगळ्यात जास्त आशा दाखवणारा प्रसंग शेवटाजवळ ठेवलाय, म्हणून तिथलं अपयश सगळ्यात खोल जातं. त्यानंतर रोडरनरचा 'बीप बीप' असा आवाज ऐकून कायोटी रस्त्यावर झेपावतो, तर समोर बस. बसच्या मागच्या खिडकीत रोडरनर बसलेला. तो पडदा खाली ओढतो, आणि त्या पडद्यावर लिहिलेलं असतं, 'समाप्त'.

चेहरा, आवाज आणि फ्रेम

केन हॅरिस, फिल मन्रो, लॉइड व्हॉन आणि बेन वॉशम हे या लघुपटाचे अ‍ॅनिमेटर. त्यांच्या कामातली सगळी श्रीमंती कायोटीच्या चेहऱ्यावर खर्च झाली आहे. नवी युक्ती सुचली की तो खुलतो, भुवया वर जातात, ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. युक्ती फसण्याच्या अगदी आधी त्याला कळतं की आता आपलं काही खरं नाही, आणि त्या वेळी तो थेट आपल्याकडे बघतो. त्या नजरेत तक्रार नसते, ओशाळलेपण असतं. रोडरनरचा चेहरा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. तो जीभ बाहेर काढतो, आवाज करतो आणि निघून जातो. त्याला भीती नाही, राग नाही, विजयाचा उन्मादही फारसा नाही. त्याच्याशी जोडून घ्यायला प्रेक्षकाला जागाच ठेवलेली नाही. म्हणून सगळी सहानुभूती वळून कायोटीकडे येते.

तो 'बीप बीप'ही शोधून काढलेला नाही, सापडलेला आहे. स्टुडिओत पार्श्वचित्रं रंगवणारे पॉल ज्युलियन मोठाली चित्रं हातात धरून बोळातून जाताना समोरच्यांनी बाजूला व्हावं म्हणून तोंडाने तसा आवाज काढत. तोच आवाज पक्ष्याला मिळाला, ज्युलियन यांच्याच तोंडून. खऱ्या रोडरनरचा आवाज घुमणाऱ्या पारव्याच्या जवळचा असतो. तो घेतला असता तर पक्षी सजीव, हळवा वाटला असता. गाडीच्या भोंग्यासारख्या आवाजाने त्याला रस्त्यावरून सुसाट जाणारी एक वस्तू करून टाकलं, आणि शेवटच्या बसच्या विनोदाची तयारीही त्यातच झाली.

संगीत कार्ल स्टॉलिंग यांचं. मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीच्या थिएटरात पडद्यासमोर ऑर्गन वाजवलेला हा माणूस. चित्र कुठे धावतंय, कुठे अडखळतंय, हे पडद्याकडे बघत हातांनी पकडायची त्यांना सवय होती. बिनसंवादाच्या लघुपटाला असाच संगीतकार हवा होता.

आणि मग वेळ. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे चोवीस स्वतंत्र चित्रं, जातात. जोन्स यांच्या हिशेबाने, कड्यावरून पडलेला कायोटी दूर जाऊन दिसेनासा व्हायला अठरा फ्रेम, आणि त्यानंतर चौदा फ्रेमनी तळाशी धुळीचा छोटासा लोट. चौदा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त वेळ. तेरा किंवा पंधरा फ्रेमला हसू तसं येत नाही, असं ते सांगत. हा हिशेब पुढच्या लघुपटांत पक्का होत गेला, पण त्याची सुरुवात इथल्या विरामांतच दिसते. तबल्याच्या आवर्तनात सम कुठे येणार हे श्रोत्याला ठाऊक असतं. दाद जाते ती तिथे नेमकं पोहोचल्याबद्दल. कायोटी पडणार हे आपल्याला माहीत असतंच. कधी पडणार, एवढाच प्रश्न उरतो, आणि सगळा आनंद त्या 'कधी'त आहे.

कच्चं काय राहिलं

हा पहिलाच प्रयत्न असल्यामुळे काही जागा सैल आहेत. बूमरँगच्या प्रसंगात रोडरनर स्वतःच कायोटीवर बूमरँग फेकतो. शाळेच्या मुलीचा वेष घेऊन कायोटी रस्त्याकडेला उभा राहतो तो भाग वॉर्नरच्या दुसऱ्या कोणत्याही कार्टूनमध्ये बसला असता. माझ्या मते हे दोन्ही प्रसंग लघुपटाच्या मूळ ताकदीच्या विरुद्ध जातात. पक्ष्याने उलटा वार केला की ती मारामारी होते, आणि शिकाऱ्याला त्याच्या हट्टाऐवजी शत्रूने हरवल्यासारखं वाटतं.

जोन्स यांनाही हे जाणवलं असावं. १९८९च्या आत्मचरित्रात त्यांनी या जोडीचे नियम म्हणून जी यादी दिली, तिचा पहिलाच मुद्दा हा की रोडरनर 'बीप बीप' करण्यापलीकडे कायोटीला इजा करू शकत नाही. कायोटीला इजा होते ती त्याच्या चुकीने किंवा वस्तू फसल्याने. माल्टीज यांनी मात्र एका मुलाखतीत असे नियम आपण कधी ऐकलेच नव्हते असं सांगितलं. दोघांचं म्हणणं एकत्र ठेवलं तर चित्र स्पष्ट होतं. नियम आधी लिहून मग लघुपट झाले नाहीत. काय चालतं आणि काय चालत नाही हे हात बसत गेला तसं कळत गेलं, आणि या लघुपटात त्या शोधाचा पहिला टप्पा दिसतो.

पार्श्वभूमीचंही तसंच. इथलं वाळवंट पीटर अल्व्हाराडो यांनी रंगवलेलं, बऱ्यापैकी वास्तवाला धरून. पुढे मॉरिस नोबल आले आणि खडक सपाट, आकाश पिवळं-केशरी, कडे अशक्य उंच झाले. जागा जितकी रिकामी होत गेली तितका कायोटी एकटा दिसू लागला.

मार लागण्याबद्दल

या लघुपटांवर हिंसेचा आक्षेप जुना आहे. मुलांनी काय पाहावं याची काळजी मला पटते. पण पुढे काही अमेरिकी दूरचित्रवाहिन्यांनी त्यावर जो उपाय केला, म्हणजे आपटण्याचे, स्फोटाचे तुकडे कापून टाकले, तो मला चुकीचा वाटतो. कायोटी पडतो, आणि नंतर आपल्याला तो पुन्हा दिसतो : काळवंडलेला, चपटा झालेला, पण जिवंत आणि पुढच्या दृश्यात नव्या बेतासह हजर. 'तो ठीक आहे' हे मुलाला त्या दुसऱ्या अर्ध्यातून कळतं. तो कापला की उरतं फक्त पडणं. कायोटीला जे खरोखर लागतं ते अंगाला लागत नाही, त्याच्या स्वाभिमानाला लागतं, आणि जोन्स यांनी तेच जपून रंगवलं. पाहताना मुलं जखमेला हसत नाहीत. इतक्या तयारीनंतर ओशाळलेल्या त्या चेहऱ्याला हसतात.

नंतर

या लघुपटानंतर जोडी लगेच परतली नाही. दुसरा लघुपट, 'बीप, बीप', १९५२मध्ये आला. त्यातल्या खाणीतल्या पाठलागात दोघे दिसतच नाहीत. अंधारात फक्त दोन दिवे बोगद्याबोगद्यांतून फिरतात, आणि तरी कोण कुठे आहे ते कळतं. त्याच वर्षी बग्ज बनीबरोबरच्या एका लघुपटात कायोटीला आवाज आणि नाव मिळालं, पण रोडरनरसमोर तो मुकाच राहिला. ते योग्यच झालं.

या प्रकरणाला पडताळणीची एक संधी इतिहासाने आपणहून दिली. वॉर्नरचा अ‍ॅनिमेशन विभाग बंद पडल्यावर जोन्स एमजीएमकडे गेले आणि १९६३पासून त्यांच्या देखरेखीखाली टॉम आणि जेरीचे ३४ लघुपट झाले. ज्या पाठलागाची त्यांना टर उडवायची होती तोच आता त्यांच्या हाती आला. कारागिरीत काही उणं नव्हतं. टॉमला जाड भुवया मिळाल्या, चेहऱ्यावरचा अभिनय नाजूक झाला, विराम नेमके पडले. तरी हे लघुपट जुन्या टॉम-जेरीइतके जमले नाहीत, असंच बहुतेकांचं मत आहे आणि माझंही. जेरीला मन आहे, खोड्या आहेत, मैत्री आहे. तो टॉमइतकाच गोष्टीचा मालक आहे. जोन्स यांची नजर मात्र शिकाऱ्याच्या चेहऱ्यावर खिळलेली, तिथेच थांबून राहणारी. वाळवंटात त्या नजरेला वाटेकरी नव्हता. घरात जेरी होता.